जखमेपासून रिपोर्टपर्यंत: सूक्ष्मजीव आणि प्रतिकारशक्तीच्या संज्ञा क्रमाने कशा शिकाव्यात

शाखा कोणतीही असो, नर्सिंग, लॅब टेक्नॉलॉजी, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा वैद्यकीय, पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राचं पुस्तक हातात पडलं की बहुतेक विद्यार्थी मागची शब्दसूची उघडतात आणि व्याख्या घोकायला लागतात. परीक्षेपुरतं ते चालून जातं. वॉर्डात मात्र एखाद्या रुग्णाचा कल्चर रिपोर्ट (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून दिलेला अहवाल) समोर आला की घोकलेलं कामी येत नाही, कारण त्या व्याख्यांचा एकमेकींशी संबंध कधी लावलेलाच नसतो. या विषयातली जवळजवळ प्रत्येक संज्ञा एका घटनाक्रमात बसते. जंतू येतो, चिकटतो, वाढतो. शरीर त्याला ओळखतं, त्याच्याशी झुंजतं, त्याची आठवण ठेवतं. आणि मधल्या काळात प्रयोगशाळा त्याचं नाव शोधून काढते. हा क्रम धरून शिकलात तर बरंचसं पाठांतर वाचतं.

म्हणून इथे आपण एकच प्रसंग धरून चालू: बोटाला कापलं, जखमेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू शिरला आणि दोन-तीन दिवसांत बोट पिकलं.

त्याआधी वहीची तयारी. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात संज्ञा. दुसऱ्यात ही गोष्ट कोण करतं आणि शरीरात कुठे घडते. तिसऱ्यात ती रुग्णात किंवा प्रयोगशाळेत कशी दिसते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती संज्ञा तुम्हाला अजून समजलेली नाही, मग व्याख्या कितीही तोंडपाठ असो. माझ्या मते हा तिसरा रकाना म्हणजेच खरा अभ्यास.

पायरी १: समोर कोण आहे ते ठरवा

‘जंतू’ हा शब्द बोलताना ठीक आहे, पण वहीत लिहिताना नेमकं लिहा. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, विषाणू म्हणजे व्हायरस, बुरशी म्हणजे फंगस, आणि मलेरियाच्या प्लास्मोडियमसारखे एकपेशीय परजीवी म्हणजे प्रोटोझोआ. हा फरक औषध ठरवतो, म्हणून तो आधी पक्का करायचा.

आकारापासून सुरुवात करा. आपली तांबडी रक्तपेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची असते. स्टॅफिलोकॉकस सुमारे १ मायक्रोमीटरचा. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटरच्या दरम्यान, म्हणजे त्याहूनही कितीतरी लहान. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. त्यामुळे जिवाणू ऑइल इमर्शन लेन्सखाली दिसतो, विषाणू दिसत नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि रोजच्या कामात त्याचा शोध पीसीआर (त्याचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) किंवा अँटीजेन चाचणीने घ्यावा लागतो (अँटीजेन म्हणजे काय ते पायरी ४ मध्ये).

जिवाणू प्रोकॅरिओट आहे: त्याला आवरण असलेलं केंद्रक नाही, त्याचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, ७० एस प्रकारचे, आणि बहुतेकांभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. आपल्या पेशी युकॅरिओट: केंद्रक आहे, रायबोसोम ८० एस, पेप्टिडोग्लायकन नाही. प्रतिजैविकं याच फरकांवर चालतात. पेनिसिलिन भिंतीची बांधणी रोखतं, आणि आपल्या पेशीला ती भिंतच नाही. विषाणूलाही ती नाही, म्हणून सर्दी-पडशाला पेनिसिलिन घेऊन उपयोग होत नाही. बुरशीची पेशी आपल्यासारखीच युकॅरिओट, त्यामुळे तिला मारताना आपल्या पेशीला इजा होण्याचा धोका जास्त. बुरशीविरोधी औषधं मोजकीच का आहेत, याचं हे एक मोठं कारण.

पायरी २: जंतूचं शरीराशी नातं काय

विद्यार्थ्यांचा सर्वात जास्त गोंधळ इथे होतो.

सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस कसलाही त्रास न देता राहतो. याला कोलोनायझेशन म्हणतात: जंतू आहे, वाढतो आहे, पण ऊतींना इजा नाही. तोच जंतू कापलेल्या बोटात शिरला, वाढला आणि शरीराने त्याला प्रतिसाद दिला, की ते इन्फेक्शन, म्हणजे संसर्ग. त्यातून लक्षणं किंवा बिघाड दिसू लागला की तो रोग. म्हणजे नाकाच्या स्वॅबमध्ये हा जिवाणू सापडला, एवढ्यावरून रुग्णाला आजार आहे असं म्हणता येत नाही. रिपोर्ट खरा असतो, पण त्याचा अर्थ रुग्णाकडे पाहूनच लावावा लागतो.

कायम आपल्या अंगावर किंवा आतड्यात राहणाऱ्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांना कमेन्सल म्हणतात. प्रतिकारशक्ती ढासळली किंवा शरीरात नळी घातली की त्यांतलेच काही रोग करतात, तेव्हा ते संधिसाधू जंतू ठरतात. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे याचं नेहमीचं उदाहरण. शिरेत घातलेल्या कॅथेटरवर तो बायोफिल्मचा थर धरून बसतो. रोग करण्याची क्षमता म्हणजे पॅथोजेनिसिटी, आणि ती किती तीव्र आहे याचं माप म्हणजे व्हिरुलन्स. पहिल्या शब्दाचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, दुसऱ्याचं कमी किंवा जास्त असं.

व्हिरुलन्स ज्यांच्यामुळे येतो ते व्हिरुलन्स फॅक्टर. आपल्या जिवाणूचे दोन लक्षात ठेवा. कोअॅग्युलेज हे एन्झाइम प्लाझ्मा गोठवतं आणि जिवाणूभोवती फायब्रिनचं कवच तयार व्हायला मदत करतं. प्रोटीन ए हे अँटीबॉडीला (जंतूला चिकटणारं आपलं प्रथिन, पायरी ४ पाहा) उलट्या बाजूने धरून ठेवतं, त्यामुळे भक्षक पेशीला ती पकडताच येत नाही.

इथेच एक जोडी उरकून घ्या. एक्झोटॉक्सिन हे प्रथिन असतं, जिवंत जिवाणू ते बाहेर सोडतो, आणि ते निष्प्रभ करून त्याचा टॉक्सॉइड, म्हणजे लस बनवता येते. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसी अशाच आहेत. एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह (हा गट पायरी ६ मध्ये येतो) जिवाणूच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड. जिवाणू फुटला की ते मोकळं होतं, ताप आणि शॉक आणतं, आणि त्याचा टॉक्सॉइड बनत नाही.

पायरी ३: पहिले काही तास

बोट कापलं तेव्हा जंतूच्या वाटेतला पहिला अडथळा मोडला, तो म्हणजे त्वचा. त्वचा, श्लेष्मा, पोटातलं आम्ल, अश्रू आणि लाळेतलं लायसोझाइम हे एन्झाइम, हे सगळं जन्मजात प्रतिकारशक्तीत, म्हणजे इनेट इम्युनिटीत येतं. ही यंत्रणा जन्मापासून तयार असते, मिनिटा-तासांत कामाला लागते, पण विशिष्ट जंतूची आठवण ठेवणं हे तिचं काम नाही.

ऊतीत ठाण मांडून बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जिवाणूला त्याच्या नावाने ओळखत नाहीत. जिवाणूंवर सरसकट असणाऱ्या काही रचना असतात, उदाहरणार्थ पेप्टिडोग्लायकन किंवा लिपोपॉलिसॅकराइड; त्यांना पॅम्प म्हणतात. त्या ओळखणारे पेशींवरचे रिसेप्टर म्हणजे पॅटर्न रेकग्निशन रिसेप्टर, आणि त्यांतले सर्वात परिचित टोल-लाइक रिसेप्टर. ओळख पटली की मॅक्रोफेज सायटोकाइन सोडते. सायटोकाइन हा पेशींनी एकमेकींना धाडलेला रासायनिक निरोप. त्यांतले जे पेशींना विशिष्ट दिशेने बोलावून आणतात ते केमोकाइन.

आता बोटाकडे पाहा. लाल झालंय, गरम लागतंय, सुजलंय, ठणकतंय. दाहाची ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. बोट वाकवता न येणं, म्हणजे कार्य मंदावणं, हे पाचवं नंतर जोडलं गेलं. प्रत्येक लक्षणामागची घटना वहीत लिहा. रक्तवाहिन्या रुंदावल्या म्हणून लाली आणि उष्णता. त्यांच्या भिंती झिरपू लागल्या म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकिनिन ही रसायनं मज्जातंतूंना चेतवतात आणि सुजेचा दाबही पडतो, म्हणून ठणका. इन्फ्लेमेशन आणि इन्फेक्शन हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. घोटा मुरगळला तरी दाह होतो, आणि तिथे जंतूचा पत्ताही नसतो.

मग येतात न्यूट्रोफिल. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ४० ते ७५ टक्के या असतात. वाहिनीच्या भिंतीला चिकटून, तिच्या पेशींमधल्या फटीतून त्या बाहेर पडतात. याला डायापेडिसिस म्हणतात. केमोकाइनच्या रोखाने त्या जिवाणूकडे सरकतात, हे केमोटॅक्सिस. त्याला गिळतात, हे फॅगोसायटोसिस. गिळलेला जिवाणू ज्या पिशवीत बंद होतो ती फॅगोसोम. तिच्यात लायसोसोम, म्हणजे एन्झाइमने भरलेली पिशवी, मिसळला की फॅगोलायसोसोम, आणि आत एन्झाइम आणि ऑक्सिजनच्या विषारी रूपांनी जिवाणू मारला जातो. बोटात साठणारा पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले-जिवंत जिवाणू आणि विरघळलेली ऊती. एली मेचनिकॉफने १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून त्याच्याभोवती पेशी जमताना पाहिल्या, तिथून फॅगोसायटोसिसची कल्पना पुढे आली. त्या कामाबद्दल १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एरलिक यांच्याबरोबर विभागून मिळालं.

याच वेळी रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं एकापाठोपाठ एक सक्रिय होतात. रस्ते तीन आहेत, क्लासिकल, अल्टर्नेटिव्ह आणि लेक्टिन. पहिल्या वर्षी त्यांची सगळी साखळी पाठ करत बसण्यापेक्षा त्यांतून निघणारी तीन कामं धरून ठेवा. सी ३ बी जिवाणूवर चिकटून त्याला गिळणं सोपं करतं. असं करणाऱ्या रेणूला ऑप्सोनिन म्हणतात. सी ५ ए न्यूट्रोफिलना बोलावतं. आणि सी ५ बी ते सी ९ मिळून मेम्ब्रेन अॅटॅक कॉम्प्लेक्स बनवतात, जे पेशीच्या पटलाला भोक पाडतं. स्टॅफिलोकॉकसची भिंत जाड असल्याने हे तिसरं शस्त्र त्याच्यावर फारसं चालत नाही, तिथे ऑप्सोनिन जास्त महत्त्वाचे. नाइसेरियासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर मात्र ते प्रभावी ठरतं.

पायरी ४: काखेत अवधाण का येतं

बोट पिकलं की काखेत गाठ दुखायला लागते. ही लसीकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, आणि अर्जित प्रतिकारशक्तीचं, अडॅप्टिव्ह इम्युनिटीचं काम इथे सुरू होतं.

जखमेतल्या डेंड्रायटिक पेशी जिवाणूचे तुकडे उचलून लसीकावाहिनीतून या ग्रंथीत येतात आणि ते तुकडे टी लिम्फोसाइटना दाखवतात. ज्या रेणूवर ठेवून ते दाखवले जातात तो एमएचसी. माणसातल्या याच रेणूंना एचएलए असंही नाव आहे, आणि अवयव प्रत्यारोपणाआधी जुळवतात ते हेच. एमएचसी वर्ग १ जवळजवळ सर्व केंद्रकयुक्त पेशींवर असतो आणि सीडी ८ टी पेशींशी बोलतो. वर्ग २ मुख्यतः अँटीजेन दाखवणाऱ्या पेशींवर, म्हणजे डेंड्रायटिक, मॅक्रोफेज आणि बी पेशींवर असतो आणि सीडी ४ टी पेशींशी बोलतो. लक्षात ठेवायला गुणाकार करा: १ गुणिले ८ आठ, २ गुणिले ४ही आठ.

सीडी ४ पेशी मदतनीस. त्या सायटोकाइन सोडून इतरांना कामाला लावतात. सीडी ८ पेशी मारक. विषाणूने ताबा घेतलेली आपलीच पेशी त्या नष्ट करतात. एचआयव्ही सीडी ४ पेशींवर घाला घालतो, म्हणून एका विषाणूमुळे सगळी यंत्रणा कोसळते. सीडी ४ पेशींची संख्या एका मायक्रोलिटरमध्ये २०० च्या खाली गेली की तो टप्पा एड्समध्ये धरतात.

आता दोन मूळ शब्द. ज्याला अँटीबॉडी किंवा टी पेशीचा रिसेप्टर जोडला जातो तो अँटीजेन, म्हणजे प्रतिजन. प्रतिसाद म्हणून प्लाझ्मा पेशी जे प्रथिन तयार करतात ते अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड. अँटीजेनवरची नेमकी जोडणीची जागा एपिटोप. एकाच जिवाणूवर असे शेकडो एपिटोप असू शकतात. हॅप्टेन हा इतका लहान रेणू की एकटा प्रतिसाद जागवू शकत नाही, पण प्रथिनाला चिकटला की जागवतो. पेनिसिलिनची अॅलर्जी याच मार्गाने होते.

बी आणि टी दोन्ही पेशी अस्थिमज्जेत जन्मतात. बी तिथेच परिपक्व होतात, टी छातीतल्या थायमसमध्ये. प्रत्येक लिम्फोसाइट जन्मतः एकाच अँटीजेनला जुळणारा रिसेप्टर घेऊन येते. योग्य अँटीजेन भेटला की नेमकी तीच पेशी विभागत जाते आणि तिची फौज तयार होते. हे क्लोनल सिलेक्शन. मॅकफार्लेन बर्नेट यांनी ते १९५७ मध्ये मांडलं. अवधाण येण्याचं एक मोठं कारण हेच, की ग्रंथीत पेशींची संख्या भराभर वाढत असते. हे विभाजन व्हायला दिवस लागतात, म्हणून पहिल्या भेटीत अर्जित प्रतिसाद उशिरा येतो. काही पेशी मेमरी पेशी म्हणून मागे राहतात आणि दुसऱ्या भेटीत प्रतिसाद लवकर, मोठा आणि अधिक नेमका येतो.

पायरी ५: अँटीबॉडीचे पाच वर्ग, कामासकट

आयजीएम पहिला येतो. रक्तात तो पाच एककांचा असतो, त्यामुळे त्याला दहा जोडणीच्या जागा असतात आणि तो कॉम्प्लिमेंट फार चांगला चेतवतो. रिपोर्टमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह असणं बहुधा ताज्या संसर्गाकडे बोट दाखवतं. आयजीजी मागाहून येतो, पण टिकतो. रक्तद्रवातल्या अँटीबॉडींपैकी सुमारे ७५ टक्के हाच, त्याचं अर्धायुष्य साधारण तीन आठवडे. वार ओलांडून गर्भापर्यंत जाणारा वर्ग हा एकच. म्हणून नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध आयजीजी सापडला तर तो आईचा असू शकतो. आयजीएम सापडला तर तो बाळाने स्वतः बनवलेला, म्हणजे संसर्ग बाळालाच झाल्याची शक्यता. या एका उदाहरणात दोन्ही वर्ग कायमचे डोक्यात बसतात.

आयजीए लाळ, अश्रू, आतड्यातला श्लेष्मा आणि आईच्या दुधात असतो. आयजीई मास्ट पेशींना चिकटून बसतो, आणि अॅलर्जी व कृमींविरुद्धचा प्रतिसाद या दोन्हींत त्याचा हात असतो. आयजीडी बी पेशींच्या पृष्ठभागावर असतो. पहिल्या वर्षी एवढं पुरे.

पायरी ६: प्रयोगशाळेत त्याचं नाव शोधा

बोटातला पू निर्जंतुक स्वॅबवर घेतला. प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतला तर उत्तम, कारण औषधानंतर जिवाणू जिवंत असला तरी प्लेटवर न वाढण्याची शक्यता असते.

पहिली चाचणी ग्रॅम स्टेन. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत थोड्या बदलांसह आजही चालते. काचपट्टीवर पातळ लेप पसरवा, हवेत सुकू द्या, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून चिकटवून घ्या. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, मग पाण्याने धुवा. आयोडीन एक मिनिट. इथे ते मॉर्डंट, म्हणजे रंग पक्का करणारं द्रव्य. मग अॅसिटोन किंवा अल्कोहोलने रंग उतरवा, फक्त काही सेकंद, आणि लगेच धुवा. शेवटी सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट. जाड पेप्टिडोग्लायकनचे जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम-पॉझिटिव्ह. पातळ थराचे जिवाणू तो सोडतात आणि सॅफ्रानिनने गुलाबी होतात, ते ग्रॅम-निगेटिव्ह.

सगळं गणित रंग उतरवण्याच्या त्या काही सेकंदांवर आहे. हात रेंगाळला तर जांभळा जिवाणूही गुलाबी दिसतो. लेप जाड झाला तर गुलाबी जिवाणू जांभळा राहतो. म्हणून काचपट्टी तिरकी धरा, द्रव थेंबाथेंबाने सोडा, आणि ओघळणारं पाणी जांभळं दिसायचं थांबलं की त्याच क्षणी धुवा. सराव करताना त्याच पट्टीच्या एका टोकाला माहीत असलेला ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या टोकाला माहीत असलेला ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू ठेवा. दोन्ही टोकं बरोबर आली तरच मधल्या लेपावर विश्वास ठेवा. लेन्सखाली आपला जिवाणू जांभळा, गोल आणि द्राक्षाच्या घोसासारखा गुच्छ करून बसलेला दिसेल. गोल तो कॉकस, दांड्यासारखा तो बॅसिलस.

क्षयाच्या जिवाणूला ही पद्धत चालत नाही. त्याच्या भिंतीतल्या मायकोलिक आम्लामुळे ग्रॅमचे रंग नीट आत जात नाहीत. त्याच्यासाठी झील-नीलसन: गरम कार्बोल फुक्सिन देऊन मग आम्लाने धुतलं तरी जो लाल राहतो तो अॅसिड-फास्ट.

पुढे कल्चर. पू ब्लड अगारवर, म्हणजे रक्त मिसळलेल्या जेलीसारख्या माध्यमावर, रेषा ओढून पसरवला आणि ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास ठेवला. एका जिवाणूपासून, किंवा चिकटलेल्या गुच्छापासून, वाढून डोळ्यांना दिसणारा ठिपका म्हणजे कॉलनी. म्हणूनच मोजणी कॉलनी फॉर्मिंग युनिटमध्ये करतात. आपल्या जिवाणूच्या कॉलनी गोलसर, गुळगुळीत आणि बऱ्याचदा सोनेरी झाक असलेल्या येतात. भोवतीचं रक्त पूर्ण विरघळून स्वच्छ कडं दिसलं तर ते बीटा हिमोलायसिस. मॅकॉन्की अगारवर हा जिवाणू सहसा वाढत नाही, कारण त्यातले पित्तक्षार ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना अडवतात; हे झालं सिलेक्टिव्ह माध्यम. त्याच प्लेटवर लॅक्टोज आंबवणाऱ्या ई. कोलायच्या कॉलनी गुलाबी आणि साल्मोनेलाच्या फिक्या दिसतात, म्हणून ते डिफरन्शियल माध्यमही आहे. ई. कोलाय चांगल्या माध्यमात सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जिवाणूला १५ ते २० तास लागतात. त्याच्या कल्चरला आठवडे का लागतात ते यावरून कळेल.

शेवटच्या दोन झटपट चाचण्या. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात बुडबुडे आले तर कॅटालेज पॉझिटिव्ह: स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस नव्हे. सशाच्या प्लाझ्मात गुठळी झाली तर कोअॅग्युलेज पॉझिटिव्ह: बहुधा ऑरियस, एपिडर्मिडिस नव्हे. पायरी २ मधला व्हिरुलन्स फॅक्टर इथे ओळखीची खूण म्हणून कामी आला.

पायरी ७: औषध आणि अँटिबायोग्राम

जिवाणूला मारणारं औषध बॅक्टेरिसायडल, नुसती वाढ थांबवणारं बॅक्टेरिओस्टॅटिक. ज्या सर्वात कमी प्रमाणात दिसण्याजोगी वाढ थांबते ते एमआयसी. कोणतं औषध या जिवाणूवर चालतं आणि कोणतं नाही, याचा तक्ता म्हणजे अँटिबायोग्राम. तो तयार करण्याच्या डिस्क डिफ्यूजन पद्धतीत म्युलर-हिंटन अगारवर जिवाणू पसरवून औषधाच्या चकत्या ठेवतात आणि भोवतीचा मोकळा घेर मिलिमीटरमध्ये मोजतात. इथे हमखास होणारी चूक अशी: ज्या औषधाचा घेर मोठा ते जास्त चांगलं, असं विद्यार्थी समजतात. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरतं. घेराची तुलना त्या-त्या औषधाच्या प्रमाणित तक्त्याशीच करायची, शेजारच्या चकतीशी नाही. एमआयसीचंही तसंच. सर्वात लहान आकडा दिसला म्हणून ते औषध निवडायचं नसतं.

रिपोर्टमध्ये एमआरएसए लिहून आलं तर त्याचा अर्थ मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्याकडे मेक ए जनुक असतं, त्यामुळे औषध जिथे चिकटतं ते प्रथिनच बदललेलं असतं. परिणामी पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली जवळजवळ सगळी औषधं निकामी ठरतात.

पायरी ८: मारणं, कमी करणं आणि पुसणं

स्टरिलायझेशन म्हणजे बीजाणूंसकट (काही जिवाणूंचं टणक, सुप्त रूप) सर्व सूक्ष्मजीवांचा नाश. यात ‘थोडंसं स्टराइल’ असं काही नसतं. डिसइन्फेक्शन म्हणजे वस्तूंवरचे रोगकारक जंतू धोका राहणार नाही इतके कमी करणं. बीजाणू शिल्लक राहू शकतात. हेच काम जिवंत त्वचेवर केलं की अँटिसेप्सिस. दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं नेहमीचं माप १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. त्याची तपासणी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंनी करतात, कारण ते मेले तर बाकीचेही मेले असं धरता येतं. अल्कोहोल ७० टक्के वापरतात, शुद्ध नाही, कारण प्रथिनं विघटित व्हायला पाणी लागतं. आणि अल्कोहोल बीजाणू मारत नाही, म्हणून क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या बीजाणू बनवणाऱ्या जिवाणूच्या रुग्णाला हात लावल्यावर हॅण्डरबवर भागवू नका, साबण-पाण्यानेच हात धुवा.

पायरी ९: प्रतिकारशक्ती कुठून आली आणि कुठे चुकली

शरीराने स्वतः अँटीबॉडी आणि मेमरी पेशी बनवल्या तर ती सक्रिय प्रतिकारशक्ती. आजारातून आली तर नैसर्गिक, लसीतून आली तर कृत्रिम. तयार अँटीबॉडी बाहेरून मिळाल्या तर निष्क्रिय. वारेतून किंवा दुधातून नैसर्गिक, इंजेक्शनने कृत्रिम. पिसाळलेल्या प्राण्याने खोल चावा घेतला तर लस आणि रेबीज इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही का देतात, याचं उत्तर इथे आहे: लशीचा परिणाम व्हायला दिवस लागतात, तेवढा काळ तयार अँटीबॉडींनी भरून काढायचा.

प्रतिसादच इजा करू लागला तर ती हायपरसेन्सिटिव्हिटी. जेल आणि कूम्ब्स यांच्या वर्गीकरणात चार प्रकार आहेत: पहिला आयजीईचा, मिनिटांत येणारा, अॅनाफिलॅक्सिस याच्यातला, दुसरा पेशीवर थेट चिकटणाऱ्या अँटीबॉडीचा, उदाहरणार्थ चुकीच्या गटाचं रक्त चढणं, तिसरा अँटीजेन-अँटीबॉडीच्या साठलेल्या संयुगांचा, चौथा टी पेशींचा, उशिरा येणारा. क्षयासाठीची त्वचेवरची मँटू चाचणी ४८ ते ७२ तासांनी का वाचतात, हे चौथा प्रकार समजला की वेगळं पाठ करावं लागत नाही.

पायरी १०: रिपोर्टवर हात बसवा

रक्तचाचणीची सेन्सिटिव्हिटी म्हणजे आजारी लोकांपैकी किती जणांना ती पकडते. स्पेसिफिसिटी म्हणजे निरोगी लोकांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. जिवाणू औषधाला ‘सेन्सिटिव्ह’ असण्याशी याचा काही संबंध नाही. एक हिशोब करून बघा: १००० लोकांत १० आजारी, चाचणी सगळ्या १० जणांना पकडते, आणि स्पेसिफिसिटी ९५ टक्के. उरलेल्या ९९० पैकी सुमारे ५० निरोगी लोकही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ६० पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी १०, सहातला एक. आजार दुर्मीळ असेल तिथे चांगल्या चाचणीचाही पॉझिटिव्ह निकाल पुन्हा तपासून का घ्यावा लागतो, ते या आकड्यांत दिसतं.

आता सरावासाठी हिपॅटायटिस बी चा रिपोर्ट घ्या. त्यात अँटीजेन, अँटीबॉडी, आयजीएम, आयजीजी सगळं एकत्र येतं. एचबीएसएजी हे विषाणूच्या पृष्ठभागावरचं अँटीजेन: ते पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे, आणि सहा महिन्यांहून जास्त टिकलं तर संसर्ग दीर्घकालीन. अँटी-एचबीएस ही त्याविरुद्धची अँटीबॉडी: संरक्षण आहे. अँटी-एचबीसी ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी. लशीत गाभा नसतो, म्हणून ती फक्त खऱ्या संसर्गानंतरच तयार होते.

यावरून जोड्या लावा. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह: लस घेतलेली व्यक्ती. अँटी-एचबीएस आणि एकूण अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह, अँटीजेन निगेटिव्ह: आजार होऊन बरी झालेली. अँटीजेन आणि आयजीएम अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह: बहुधा ताजा संसर्ग. अँटीजेन निघून गेलंय, अँटी-एचबीएस अजून वर आलेली नाही, आणि केवळ आयजीएम अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आहे, तर हा विंडो पिरियड. फक्त पहिल्या दोन चाचण्या केल्या असत्या तर हा रुग्ण निसटला असता.

आणि तिन्ही निगेटिव्ह आल्या तर त्या व्यक्तीला ना संसर्ग झालाय, ना संरक्षण आहे. आरोग्य शाखेच्या कित्येक विद्यार्थ्यांचा रिपोर्ट असाच येऊ शकतो. त्यांनी सुया आणि रक्ताचे नमुने हाताळायला लागण्याआधी लस सुरू करावी: नेहमीच्या वेळापत्रकात शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसचं प्रमाण तपासून घ्यावं. ते १० मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण मिळालं. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा डोस घ्यावे लागतात.